गुरुवारी सांगितलेला शेवट

हल्लीच्या मालिका कशा वाटतात, हे काजबाईला कुणी विचारू नये. विचारायचंच असेल तर तासभर तरी हाताशी ठेवून विचारावं.

"एक बाई कप खाली ठेवते," ती सुरू करते. "कप. ठेवायला कितीसा वेळ लागतो? हिने सोमवारी ठेवायला घेतला, तो गुरुवारी टेबलाला टेकला. मधल्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाचं तोंड तीन-तीनदा दाखवलं. आणि वर विजा कडाडल्या. घरात!"

हे ऐकायला समोर एकच हक्काची श्रोती असते, ती म्हणजे कॉलर. दोघींची सत्तरी दोन-तीन वर्षांवर आली आहे. कॉलर रोज दुपारी तीनला येते, खिडकीजवळच्या खुर्चीत बसते, आणि बसल्याबसल्या विरुद्ध मत देते. काजबाईने एखादी मालिका वाईट म्हटली रे म्हटली, की कॉलरला तीच मालिका एकदम बरी वाटायला लागते. "लागले कप ठेवायला चार दिवस तर लागले. तुला कुठे गाडी पकडायची आहे?"

ही काही दोघींची खरी नावं नव्हेत. शर्टांच्या कारखान्यात दोघींची उभी हयात गेली, आणि तिथे जी जे शिवायची तेच तिचं नाव पडायचं. काजं करणारी काज, कॉलर लावणारी कॉलर. शिवाय बाही होती, खिसा होती, इस्त्री होती, आणि तयार शर्ट उजेडात धरून बघणारी तपासणी होती. हजेरीला खरं नाव पुकारलं की दोन क्षण कुणी पुढेच यायचं नाही. वयाबरोबर काजची काजबाई झाली. कॉलर मात्र कॉलरच राहिली, कारण तिला बाई म्हटलेलं खपत नाही.

घरात तिसरी बाजू सुनेची. ती विम्याच्या ऑफिसात आहे आणि आठवड्यातले तीन दिवस आतल्या खोलीत कानाला हेडफोन लावून घरूनच काम करते. तिच्या मालिका निराळ्या. एकेका मालिकेत निदान पाच खून, आणि तेही ती दीडपट वेगाने बघते. "मरणाऱ्याला तरी सावकाश मरू दे की गं," असं काजबाई म्हणते. एकदा तर सुनेच्या पाठीमागे उभं राहून काजबाईने दहाच मिनिटं बघितलं आणि सांगून टाकलं, "डॉक्टरने मारलंय." सहा भागांनंतर डॉक्टरच निघाला. सून दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

"शेवट सांगायचा नसतो हो आई. आमच्या ऑफिसात कुणी शेवट सांगितला तर त्याच्याशी लोक जेवायला बसत नाहीत."

"अस्सं?" काजबाई म्हणाली. "आमच्याकडे शेवट सांगणाऱ्या बाईला बसायला जागा करून द्यायचे."

यात बढाई नव्हती. कारखान्यात दोन पाळ्या होत्या. पहिली दुपारी अडीचला सुटायची, दुसरी पावणेतीनला सुरू व्हायची आणि रात्रीपर्यंत चालायची. त्या काळी टीव्हीवर एक गोष्ट एकदाच लागायची. बघितली तर बघितली, चुकली तर जन्माची चुकली. आणि जे काही बघण्यासारखं असायचं ते नेमकं संध्याकाळी आठला. म्हणजे दुसऱ्या पाळीच्या बायकांच्या नशिबी काहीच नाही. काज पहिल्या पाळीची. कॉलर दुसऱ्या पाळीची, कायमची, कारण सकाळी तिला अंथरुणाला खिळलेल्या आईचं सगळं करावं लागायचं. आई आणि लहान मुलगी असं तिचं घर. नवरा कामाच्या नावाखाली परगावी गेला होता आणि तिथे दुसऱ्याच बाईबरोबर राहत होता. हे सगळ्या कारखान्याला ठाऊक होतं, आणि ठाऊक नसल्यासारखं सगळ्याजणी वागायच्या.

मधली ती पंधरा मिनिटं काजची. कपडे बदलायच्या खोलीत लोखंडी कपाटांच्या मधे एक लांब बाक होता. दर गुरुवारी दुसऱ्या पाळीच्या अकराजणी त्यावर दाटीवाटीने बसायच्या, काज समोर उभी राहायची आणि आदल्या दिवशीचा भाग सांगायची. पहिल्या पाळीच्या बायकांनी तो बघितलेलाच असायचा, तरी त्यासुद्धा पिशव्या खांद्याला अडकवून मागे उभ्या राहायच्या. घरी मुलं वाट बघत असायची, पण काज कसं सांगते ते ऐकल्याशिवाय पाय निघायचा नाही. सुपरवायझर दारात उभा राहून घड्याळ बघायचा. खरं म्हणजे तोही ऐकायचा. एकदा काज खोकून मधेच थांबली तेव्हा त्यानेच पाण्याची बाटली पुढे केली होती.

मालिकेला नाव होतं, पण कारखान्यात तिला नुसतं 'बुधवार' म्हणायचे. दोन बहिणी, बापामागे त्याचं चष्म्याचं दुकान चालवणाऱ्या. थोरली कडक, तोंडाने फटकळ. धाकटी गप्प. धाकटीचा नवरा तिला टाकून निघून गेलेला. बस, एवढंच. पण आतून बाहेरून माणसं अशी होती की आपल्या जिन्यात राहतात असं वाटायचं. गिऱ्हाईक आलं तर त्याचा नंबर तपासून, फ्रेम बसवून, त्याला जिन्यापर्यंत पोचवूनच त्या परतायच्या. त्यात कुणी ओरडत नव्हतं. वाईट वाटलं तर माणूस खिडकीशी जाऊन उभा राहायचा, आणि आपल्यालाही त्याच्याबरोबर उभं राहायला वेळ मिळायचा.

काज ती घरमालकिणीकडे बघायची, दाराशी जमिनीवर बसून, लाकडी झडपांच्या काळ्यापांढऱ्या टीव्हीवर. तो टीव्ही लहरी. ऐन रंगात आला की चित्र वरून खाली गडगडत जायचं. घरमालकिणीचा मुलगा गच्चीवर जाऊन अँटेना फिरवायचा, "आलं?" म्हणून ओरडायचा, खालून सगळे "आलं, आलं" म्हणायचे, आणि तो खाली उतरेपर्यंत परत जायचं. मधली जी दहा मिनिटं दिसायची नाहीत ती काज दुसऱ्या दिवशी आपल्या पदरचं घालून पुरी करायची. अर्धवट शर्ट तर कुणाला द्यायचा नाही ना?

त्यातूनच कुत्रा आला. नवव्या भागात चित्र पार गेलं होतं, नुसता आवाज येत होता, आणि त्यात एक कुत्रं भुंकलं. काजने गुरुवारी सांगितलं की बहिणींनी कुत्रा पाळलाय. पुढच्या बुधवारी तिच्या लक्षात आलं की भुंकलं होतं ते गल्लीतलं कुत्रं. पण तोवर बाकावरच्या अकराजणींचा त्या कुत्र्यावर जीव जडला होता. "बंड्या काय म्हणतो?" हा गुरुवारचा पहिला प्रश्न. बंड्या हे नावही त्यांनीच ठेवलेलं. आता काय करणार? काजला तो दीड वर्ष पाळावा लागला. एकदा आजारी पाडून मारायचा बेत केला, तर कॉलरचे डोळे भरून आले, म्हणून त्याच गुरुवारी त्याला बरा करावा लागला.

पहिल्या पाळीच्या बायका मागे उभ्या राहून हे ऐकायच्या आणि गालातल्या गालात हसायच्या, पण बोलायच्या नाहीत. तो नियम तपासणीने घालून दिला होता. त्याआधी एकदा खिसाने काजच्या आधीच भाग सांगून टाकला होता, त्यावरून अशी काही भांडणं जुंपली की कात्र्या खाली ठेवायला सांगावं लागलं. तेव्हा तपासणी म्हणाली होती, "यापुढे सांगेल ती काज. बाकीच्यांनी तोंडाला कुलूप लावायचं. आणि ती सांगेल ते बरोबर." तपासणीचा शब्द मोडायची कुणाची छाती नव्हती.

तर हे सगळं चौतीस वर्षांपूर्वीचं. कारखाना बंद पडूनही आता बराच काळ लोटला. आणि परवा-परवा एका दुपारी सून आतल्या खोलीतून आली आणि म्हणाली, "आई, तुमचं ते चष्म्याचं दुकान सापडलं. कुणीतरी जुन्या कॅसेटींवरून उतरवून सगळंच्या सगळं इंटरनेटवर टाकलंय. अठ्ठ्याहत्तर भाग."

काजबाईच्या अंगावर काटा आला, आनंदानेच. कॉलरला फोन केला. ती तीनची अडीचलाच हजर. सुनेने फोन टीव्हीला जोडून दिला, कुठलं बटण दाबायचं ते दोनदा सांगितलं, आणि तो जुना सूर सुरू झाला. दोघींनी एकमेकींचा हात धरला. ते बघून सून आत गेली.

पहिले काही दिवस मोठे सुखाचे गेले. काजबाईला सगळ्यात नवल वाटलं ते रंगांचं. इतक्या वर्षांनी तिला कळलं की दुकानाच्या भिंती हिरव्या होत्या. आणि थोरलीचे केस तिने मनात धरले होते तितके काळे नव्हते. "ह्याला म्हणतात बघणं," ती सुनेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायची. "बघ, ती नुसती काच पुसतेय. दोन मिनिटं झाली. काही होत नाहीये, आणि तरी हलावंसं वाटत नाही."

"फारच सावकाश आहे हो," सून आतून म्हणायची. पण पंधराव्या भागापासून ती हेडफोन गळ्यात अडकवून दाराशी येऊन उभी राहायला लागली आणि विसाव्या भागाला तिने स्वतःसाठी स्टूल आणलं.

अडचण एकच होती. कॉलरचं लक्ष नवव्या भागापासून पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात होतं. "बंड्या कुठाय गं?"

"असेल आत," काजबाई म्हणाली.

पंचविसाव्या भागाला कॉलर चिडली. "कापलाय मेल्यांनी. कुत्र्याचे सगळे सीन कापलेत. एवढा गोड कुत्रा. पांढरा, एक कान काळा. मला आजही दिसतो."

सून स्टुलावरून म्हणाली, "मावशी, त्यात कुत्रा नाहीच. मी सगळीकडे शोधलं..." आणि सासूच्या नजरेला नजर मिळताच गप्प बसली.

काजबाई वरवर हसली, पण त्या दिवसापासून तिच्या तोंडचं पाणी पळालं. कुत्र्याचं एक वेळ ठीक होतं. पण कॉलरने मालिकेचा एकही भाग बघितलेला नव्हता, आणि आता ती ठासून म्हणत होती की मी बघितलाय. मग शेवटच्या भागाचं काय?

शेवटच्या भागाची गोष्ट अशी. तो लागायच्या आधीच्या सोमवारी कॉलरच्या नवऱ्याचं पत्र आलं. शनिवारी येतोय, झालं गेलं विसरून जा. कॉलरने ते पत्र कपाटांच्या खोलीत काजला वाचून दाखवलं. नवरा कसा होता हे काजने डोळ्यांनी बघितलं होतं. त्याने मनगट पिरगाळल्यावर कॉलर दोन महिने डाव्या हाताने कॉलरी लावत होती. पण मुलगी चार वर्षांची, आई अंथरुणात, आणि जो तो सांगत होता की येतोय तर घे पदरात. 'बुधवार'मध्येही तेव्हा नेमकं तेच चाललं होतं. धाकटीचा नवरा परत आला होता, जिन्यावर उभा होता, आणि तिथेच भाग संपला होता. कॉलर हसत म्हणाली, "आता ती काय करते ते बघू. ती करेल तेच मी करीन." सगळ्याजणी हसल्या. काजला हसू आलं नाही, कारण कॉलर थट्टेच्या सुरात खरं बोलणारी होती.

बुधवारी काजने बघितलं. धाकटीने दार उघडलं, बाजूला झाली, नवरा आत आला. तिने त्याच्या हातातून बॅग घेतली. घरमालकिणीच्या खोलीतल्या सगळ्या बायका रडल्या. काज रडली नाही. तिला इतका राग आला की पायात चपला उलट्यासुलट्या घालून ती घरी गेली.

गुरुवारी ती बाकासमोर उभी राहिली तेव्हा तिने काहीही ठरवलेलं नव्हतं. आपोआप घडलं ते, हे ती शपथेवर सांगेल. जिन्यापर्यंत तिने सगळं जसं होतं तसं सांगितलं. मग कॉलरकडे बघितलं. कॉलर बाकाच्या टोकाला बसली होती, हातात डब्याची पिशवी गच्च धरून. आणि काजच्या तोंडून निघून गेलं, "धाकटीने दार पुरतं उघडलंच नाही. साखळी तशीच ठेवली. फटीतून बघितलं त्याच्याकडे. बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, 'कोण हवंय आपल्याला?' आणि दार लावून घेतलं."

पहिल्या पाळीच्या चौदाजणी मागे उभ्या होत्या. त्यांनी आदल्याच दिवशी आपापल्या घरी खरा शेवट बघितला होता. काजने त्यांच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. कुणीतरी आता खाकरणार, कुणीतरी "अगं पण" म्हणणार. तेवढ्यात मागून तपासणीचा आवाज आला, "हो. अगदी असंच." आणि मागच्या सगळ्याजणी पिशव्या उचलून घरी गेल्या.

शनिवारी नवरा आला. कॉलरने साखळी काढली नाही. "कोण हवंय आपल्याला?" म्हणाली आणि दार लावलं. सोमवारी तिने हे काजला सांगितलं तेव्हा तिचा आवाज बसलेला होता.

पुढची वर्षं काही फुलांची गेली नाहीत. मुलीच्या आजारपणात कॉलर एकटीच दवाखान्याच्या बाकावर बसली. मुलगी मोठी झाली, तिच्या लग्नात बापाची खुर्ची रिकामी राहिली, आणि मुलीने एकदा म्हटलंही, "एकदा तरी त्यांना आत घ्यायचं होतंस." मग परगावी नवरा वारल्याची दोन ओळींची चिठ्ठी आली. त्या दुपारी कॉलर म्हणाली होती, "आपल्या धाकटीचा नवरा नंतर कुठे गेला असेल गं?" काजबाईने विषय बदलला होता. एका बाईने आपलं आख्खं आयुष्य माझ्या थापेवर उभं केलंय, हे तिने कुणालाही सांगितलं नव्हतं.

आता ती थाप टीव्हीवर यायला निघाली होती, रोज दोन-दोन भागांनी जवळ.

काजबाईने काय काय करून बघितलं! सत्तराव्या भागाला रिमोट हरवला. तो सुनेला तांदळाच्या डब्यात सापडला. एकाहत्तराव्याला तिचे डोळे दुखायला लागले. मग ती म्हणाली, "जुनं किती दिवस बघायचं? ती नवीन लागलीय ना, कपवाली, ती बघू या." हे ऐकून कॉलरने चष्मा काढून तिच्याकडे बघितलं. "बरं नाही का तुला?"

त्या संध्याकाळी सुनेने स्वयंपाकघरात तिला गाठलं. "आई, काय झालंय? कुत्र्याचं मला कळलं. पण एवढ्यासाठी कुणी रिमोट तांदळात ठेवत नाही."

काजबाईने भाजी चिरता चिरता सगळं सांगितलं. सून ओट्याला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "त्यांनी बघायच्या आधी तुम्हीच सांगा."

"तूच म्हणतेस ना, शेवट सांगायचा नसतो?"

"हा सांगायचा असतो," सून म्हणाली.

पण धीर झाला नाही. दुसऱ्या दिवशी झाला नाही, तिसऱ्या दिवशीही नाही, आणि अठ्ठ्याहत्तरावा भाग लागला. सून त्या दिवशी ऑफिसात होती. दोघीच होत्या. नवरा जिना चढला. धाकटीने दार उघडलं, बाजूला झाली, तो आत आला. तिने बॅग घेतली. तिच्या अंगात पिवळा झगा होता. संगीत वाढलं आणि नावं वर सरकायला लागली.

"हा शेवट नव्हे," कॉलर म्हणाली.

काजबाईने रिमोट उचलून आवाज कमी केला.

"बदललाय. आधी कुत्रा काढला, आता शेवट बदलला. मी बघितलाय ना शेवट! ती साखळीच्या फटीतून बघते. निळा स्वेटर होता तिच्या अंगात, कोपराला उसवलेला."

काजबाईने निळा स्वेटर कधीच सांगितला नव्हता. काळ्यापांढऱ्या टीव्हीवर निळं कुठून दिसणार? तो स्वेटर कॉलरचा होता. कारखान्यात ती हिवाळाभर तोच घालायची आणि कोपर शिवते शिवते म्हणत कधी शिवायची नाही. इतकी वर्षं कॉलर धाकटी म्हणून स्वतःलाच बघत होती, हे काजबाईला त्या क्षणी समजलं, आणि तिला रडू फुटलं.

"तू नाही बघितलास गं. एकही भाग नाही बघितलास. मी सांगितला. आणि शेवट मी खोटा सांगितला."

कॉलरला ते समजायला वेळ लागला. तिने पडद्याकडे बघितलं, मग काजबाईकडे. "म्हणजे ती त्याला आत घेते."

"हो."

"सगळ्या जगाने बघितलं की ती आत घेते. फक्त मलाच..." तिचा आवाज चढला. "मला वाटलं होतं, ती एवढीशी गप्प बाई करू शकते, तर मी का नाही? दोन दिवस मी तेच घोकत होते. आणि तशी कुणी बाई नव्हतीच? माझ्या संसाराचा निकाल तू उभ्याउभ्या लावलास, कुत्रा पाळलास तसा?"

कॉलर उठली, चपला घातल्या आणि निघून गेली. जाताना तिने दार आपटलं नाही, त्याचंच काजबाईला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी तीन वाजले, खुर्ची रिकामी. तिसऱ्या दिवशीही. टीव्ही बंद होता. सुनेने आपणहून विचारलं, "आई, तुमची कपवाली लावू?" काजबाईने मान हलवली. तिला त्या बाईच्या कपाबद्दलसुद्धा काही बोलावंसं वाटलं नाही. सून म्हणाली, "जाऊन या ना त्यांच्याकडे." काजबाई म्हणाली, "कुठल्या तोंडाने?" इतक्या वर्षांची सवय अशी की तीनच्या सुमारास ती आपोआप दोन कप काढायची आणि एक परत ठेवायची.

पाचव्या दिवशी कॉलर आली. खुर्चीत बसली नाही. दारातच उभी राहून तिने विचारलं, "त्या दिवशी खोलीत कोण कोण होतं?"

"तुम्ही अकराजणी..."

"आम्ही नव्हे. तुझ्या पाळीच्या. ज्यांनी खरं बघितलं होतं त्या."

काजबाईने बोटांवर मोजलं. बाही होती, खिसा होती. इस्त्री, तिच्या पोटात सातवा महिना होता तरी उभी होती. धागे तोडणाऱ्या दोघी. "चौदाजणी," ती म्हणाली.

"आणि एकीनेही तोंड उघडलं नाही?"

"तपासणीने उघडलं. 'हो, अगदी असंच' म्हणाली."

"तपासणी?" कॉलरला खरं वाटेना. "एक टाका सैल असला तरी आख्खा शर्ट परत पाठवायची ती?"

"तीच."

"आणि नंतरही कुणी नाही बोललं? एवढी वर्षं एका छपराखाली काढली आपण. बाहीच्या पोटात तर काही राहायचं नाही."

"कुणीच नाही. आम्हीही आपसात कधी बोललो नाही त्यावर."

कॉलर आत येऊन बसली. काजबाईने बळ एकवटून विचारलं, "त्याला आत घ्यायला हवं होतं, असं वाटतं का गं तुला?"

"दुसऱ्याच दिवशी वाटलं. पोरगी तापाने फणफणली तेव्हा वाटलं. तो गेल्याचं कळलं तेव्हा तर फार वाटलं. पण घेतला असता तर का घेतला म्हणून वाटलं असतं. रोज वाटलं असतं."

कॉलर आपल्या हातांकडे बघत होती. मनगट अजूनही किंचित वाकडंच होतं.

"दार लावलं ना मी," ती म्हणाली, "तेव्हा कडीच बसेना. तो बाहेरून ढकलत होता. आई आत कण्हत होती, पोरगी पायाला चिकटलेली. वाटलं, माझ्यामागे कुणी नाही. आजवर असंच वाटत आलं गं मला, की ते दार मी एकटीने लावलं." तिचे डोळे भरले, पण आवाज स्वच्छ होता. "चौदाजणी होत्या की दाराला हात लावून. तुला धरून पंधरा."

काजबाईने कॉलरचा हात हातात घेतला, आणि संध्याकाळ होऊन सून घरी येईपर्यंत दोघी तिथेच बसून राहिल्या.